चार ओव्यांचं मिनिट

द्वारकाबाई मुळातच भित्र्या, हे परतुरात कुणाला सांगायची गरज नव्हती. पाल चुकचुकली की त्या दचकत. स्टेशनात गाडीनं शिट्टी दिली की हातातलं भांडं खाली ठेवत. दारावरून पोलिसाचा घोडा गेला, तर टापा ऐकू येईनाशा होईपर्यंत चुलीला फुंकर घालत नसत. त्यांचे यजमान गिरिधरराव मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी. ते हसायचे. म्हणायचे, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तू भिऊन राह्यलीस म्हणून तो येतो. न्हाईतर त्याला का दुसरं काम न्हाई?"

गिरिधररावांना स्वतःला ना भीती ठाऊक, ना घाई. माप भरताना आडत्यानं डोळे वटारले काय, शेतकरी रडकुंडीला आला काय, त्यांचा हात आपल्या चालीनंच चालायचा. पहिल्या मापाला सगळ्या मापाड्यांसारखं 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन, चार. त्यांनी भरलेलं माप कुणी पुन्हा भरून बघितलं नाही. तीस वर्षांत एकदाही नाही.

अठ्ठेचाळीस सालच्या फाल्गुनात हा माणूस मोंढ्यातून घरी येता येता तीन ठिकाणी बसला. पायाला सूज आली. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. उताणं झोपलं की जीव घुसमटायचा. जालन्याच्या दवाखान्यात नेलं, तिथं पंधरा दिवस ठेवलं, आणि घरी पाठवताना डॉक्टरांनी द्वारकाबाईंना समोर बसवून घेतलं.

"यांचं हृदय थकलंय बाई. आता निम्मा दवाखाना तुमच्या घरी. पाठीला लोड लावून बसतं झोपवायचं. चढ-उतार नाही, ओझं नाही. आणि मीठ बिलकुल बंद."

"शेंदेलोण चालंल?" द्वारकाबाईंनी भीत भीत विचारलं. "ते उपासाला चालतं."

"उपासाला चालत असेल, काळजाला नाही चालत."

मग त्यांनी काळ्या औषधाची बाटली पुढे केली. सकाळ-संध्याकाळ दहा थेंब, पाण्यातून. पण देण्याआधी मिनिटभर नाडी मोजायची. साठाच्या खाली ठोके भरले तर त्या वेळचे थेंब द्यायचे नाहीत आणि दवाखान्यात कळवायचं. "हे औषध मापात आहे तोवर अमृत. माप चुकलं तर हेच जहर," डॉक्टर म्हणाले.

ते जहर द्वारकाबाईंच्या पोटात तिथेच गेलं म्हणायचं. परतूर येईपर्यंत गाडीत त्यांनी बाटली पदरात घट्ट धरून ठेवली होती, जणू बाटलीत विंचू होता.

पण मिनिट मोजायचं कसं? घरात घड्याळ कुठलं! शेजारचे भालचंद्र मास्तर तेवढे साखळीचं घड्याळ बाळगून. पण मास्तर शाळेत जाणार, गावाला जाणार. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या दारात उभं कोण राहणार? वाट मास्तरांनीच काढली. म्हणाले, "काकू, तुम्ही दळताना ओव्या म्हणता ना? त्या म्हणा, मी घड्याळ बघतो." द्वारकाबाई जात्याशी बसल्या, लाजल्या, मग म्हणू लागल्या:

दुधनेच्या काठी बाई, बाप माझा शेत राखी
दाणा खाऊनी उडती, त्याला भिईनात पाखी

अशा चार ओव्या झाल्या आणि बराबर मिनिट भरलं. मास्तरांनी तीनदा तपासून बघितलं. तेव्हापासून रीत ठरली. डाव्या हाताची बोटं मनगटावर, ओवी मनात, आणि उजव्या मुठीत तुरीचे दाणे. एका ठोक्याला एक दाणा वाटीत सोडायचा. चार ओव्या संपल्या की वाटीतले दाणे मोजायचे. मापाड्याच्या बायकोला दाणे मोजायला कुणी शिकवावं लागत नाही. सत्तर, बहात्तर, अडुसष्ट. चैत्र गेला, वैशाख गेला, सूज उतरली. गिरिधरराव ओट्यापर्यंत चालू लागले आणि अळणी वरणाला नावं ठेवू लागले. नावं ठेवतात म्हणजे बरे होतायत, एवढं द्वारकाबाईंना कळत होतं.

पुढे पावसाळ्यात दिवस फिरले. निजामाच्या रझाकारांच्या बातम्या येऊ लागल्या. आज या गावात घुसले, उद्या त्या गावात. मोंढा ओस पडला. सरहद्द ओलांडून लोक वऱ्हाडात जाऊ लागले. मास्तरही गेले, आणि त्यांच्याबरोबर घड्याळही गेलं. जाताना म्हणाले, "काकू, गाडी करू का? तुम्ही दोघंही चला." बैलगाडीतले धक्के या काळजाला सोसणार नव्हते. द्वारकाबाई नको म्हणाल्या आणि दाराला आतून दोन अडसर घातले.

गल्लीत आता दोनच चुली पेटत होत्या, एक त्यांची आणि एक तुळजाबाईंची. पहाटे जात्याची घरघर बंद झाली. आवाजानं कुणाला कळू नये की इथं माणसं आहेत. दळायचं तर भरदिवसा, थोडंसं, आणि मुक्यानं.

आणि श्रावणात एका सकाळी वाटीत बासष्ट दाणे भरले. दुसऱ्या दिवशी साठ. तिसऱ्या दिवशी सत्तावन्न.

द्वारकाबाईंनी दाणे पुन्हा मोजले. सत्तावन्नच. त्यांनी बाटलीचं बूच तसंच घट्ट बसवलं आणि ती फडताळात ठेवून दिली. संध्याकाळी पंचावन्न. दवाखान्यात कळवायचं, पण कुणाच्या हाती? जालन्याच्या गाडीत बसायला कुणी धजत नव्हतं. चार दिवस थेंब नाहीत, सहा दिवस नाहीत. गिरिधररावांच्या पायावर पुन्हा सूज चढली. दोन लोड होते, त्यांचे तीन झाले. रात्रंदिवस बसून, पुढे वाकून, तोंड उघडं टाकून ते श्वास ओढू लागले. थेंब द्यावेत तर आपल्याच हातानं जहर दिल्यासारखं. न द्यावेत तर हा माणूस डोळ्यांदेखत बुडत चाललेला. इकडे आड, तिकडे विहीर. मनगट धरायची वेळ जवळ आली की द्वारकाबाई वाटीतले दाणे उगाच निवडत बसायच्या. त्या देवापुढे बसायच्या आणि काय मागावं तेच त्यांना सुचायचं नाही.

"आज किती?" गिरिधरराव विचारायचे.

"बराबर हायत," त्या सांगायच्या. "पण डॉक्टर म्हणले होते, मधे चार दिवस खंड द्या." डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात द्वारकाबाईंनी त्यांना सांगितलेली ही पहिली थाप, आणि तीही धड जमली नाही.

नववा दिवस पोळ्याचा. वाजंत्री नाही, बैलांची मिरवणूक नाही. पण तुळजाबाईंच्या गोठ्यात म्हाताऱ्या बैलांची एक जोडी होती, त्यांच्या तोंडाला पुरणपोळी लावायची तर कणीक हवी. द्वारकाबाईंनी दुपारी पसाभर गहू घेतले आणि जात्याशी बसल्या. घोर एवढा होता की आपण बसलोय कुठं याचंही भान नव्हतं. जात्यावर बसलं की ओवी सुचते, हे काही उगाच म्हणत नाहीत. दगडाचा जड फेरा सुरू झाला आणि दोन महिने गप्प असलेलं तोंड आपोआप उघडलं. दुधनेच्या काठी बाई...

खोलीत गिरिधरराव लोडाला टेकून बसले होते. आवाज ऐकून त्यांना बरं वाटलं. रिकामा माणूस काय करील? आपलंच मनगट आपण धरलं आणि सवयीनं मोजायला घेतलं. लाभ, दोन, तीन.

चौथी ओवी संपली तेव्हा ते अठ्ठ्याण्णवावर होते.

"अगं ए, शरयूची आई," त्यांनी हाक मारली. शरयू ही त्यांची लेक, वऱ्हाडात दिलेली. "इकडं ये. खरं सांग, सकाळी किती भरले?"

द्वारकाबाईंचे हात पिठाचे. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि रडू लागल्या. "चोपन्न. आठ दिवस झाले. साठाच्या खाली गेले म्हणून मी थेंब बंद केले. तुम्हाला सांगितलं न्हाई."

"चोपन्न? मी आत्ता मोजले, अठ्ठ्याण्णव."

"असं कसं होईल?"

गिरिधररावांना बोलायला दम पुरत नव्हता. ते थांबले. "मनगट धरल्यावर मनात म्हणतेस तशीच ओवी आता मोठ्यानं म्हण."

द्वारकाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. ते हाताला लागताच छातीत धडधड सुरू झाली, आणि त्या म्हणू लागल्या. गिरिधररावांनी डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्या ओवीलाच त्यांनी हात वर केला.

"किती पळतीस! कुणी मागं लागल्यावाणी. जात्यावर चार म्हणतीस तेवढ्यात इथं सात होतील. अगं, माझी नाडी न्हाई उतरली. पहाटेचं दळण सुटलं, तुझी जात्याची चाल सुटली, माप लहान झालं. लहान मापानं मोजलं तर दाणे कमीच भरणार."

द्वारकाबाईंनी फडताळातल्या बाटलीकडे बघितलं. नऊ दिवस! नऊ दिवस नवरा औषधावाचून बुडत होता आणि बाटली हाताच्या अंतरावर होती. भीतीनं आपल्याला कुठं आणून सोडलं, हे त्यांना दिसलं, आणि त्याचीही भीती वाटली.

"पण तुमचं चुकलं असंल तर?" त्या म्हणाल्या. "थेंब दिले आणि खरंच चोपन्न असले तर?"

"मंग तुळजाबाईला बोलाव. तिला दळू दे. तू नुसते दाणे सोड."

तुळजाबाई मागच्या दारानं आल्या. त्यांना कारण सांगायला वेळ नव्हता. एवढंच सांगितलं की दळा आणि ओव्या म्हणा, मोठ्यानं, सावकाश. "बाहेर ऐकू जाईल की!" तुळजाबाई म्हणाल्या. "जाऊ द्या," असं द्वारकाबाईंच्या तोंडून गेलं, आणि हे आपणच बोललो यावर त्यांचा विश्वास बसेना. जातं जड होतं. त्याला घाई करायची म्हटली तरी करता येत नव्हती. द्वारकाबाईंनी ओवीकडे लक्षच दिलं नाही. ठोका लागला की दाणा, ठोका लागला की दाणा. तुळजाबाईंची चौथी ओवी संपली. वाटीत शहाण्णव दाणे होते.

बाटलीचं बूच निघता निघेना. पहिल्यांदा अकरा थेंब पडले, म्हणून ते पाणी परसात ओतलं आणि भांडं विसळून पुन्हा दहा मोजले. गिरिधररावांनी ते पाणी एका दमात प्यायलं. द्वारकाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत बसल्या. संध्याकाळ झाली तरी तिथून उठल्या नाहीत.

तीन दिवस काही फरक नव्हता. रोज दोन वेळा तुळजाबाई यायच्या आणि जातं फिरायचं, कधी गहू, कधी ज्वारी, शेवटी तर नुसतं रिकामंच. चौथ्या दिवशी लघवी मोकळी झाली. आठव्या दिवशी सूज घोट्यापर्यंत उतरली आणि एक लोड काढून ठेवला. त्याच सुमारास हिंदुस्थानची फौज आल्याची बातमी आली आणि दोन दिवसांत रझाकार पसार झाले. गल्लीतली दारं एकेक करून उघडली. लोकांनी गुळाचे खडे वाटले.

भालचंद्र मास्तर परत आले ते थेट यांच्याकडेच. सगळी हकीकत ऐकून त्यांनी खिशातून घड्याळ काढलं आणि गिरिधररावांच्या उशाशी ठेवलं. "काका, हे आता इथंच राहू द्या. मला शाळेची घंटा आहे."

मास्तर गेल्यावर द्वारकाबाईंनी घड्याळ बघून दाणे सोडले. बहात्तर भरले. दहा थेंब दिले. गिरिधररावांनी भांडं रिकामं करून खाली ठेवलं आणि आपला हात पुढे केला.

"आता तुझं मनगट आण."

"माझं कशाला?"

"आण म्हणतो ना."

त्यांनी मनगट धरलं, घड्याळावर डोळा ठेवला. लाभ, दोन, तीन... काटा फिरून जागेवर आला तेव्हा आकडा एकशे दहा होता.

"अगं, रझाकार पळाले, फौज आली, मोंढा उद्या उघडंल," गिरिधरराव म्हणाले. "आता कुणाला भिऊन राह्यलीस?"

"रझाकारांना कोण भीत होतं?" द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमचा हात हातात घेतला की असंच होतं. फाल्गुनापासून, रोज दोन वेळा."

गिरिधररावांना हसू आलं नाही. इतकी वर्षं ज्या भीतीची ते थट्टा करत आले होते, ती त्यांच्याच बोटांखाली उडत होती. त्यांनी मनगट सोडलं नाही. घड्याळ पालथं करून ठेवलं आणि पुन्हा मोजायला घेतलं, लाभपासून, सावकाश.