कडा की उतार: आत्यांच्या आवाजासाठी

चळवळीतल्या घरात मी पत्रकांवर वाढले. आमच्याकडं गरम भाकरीसुद्धा जुन्या पत्रकावरच उतरायची. पण गावातलं वाचनालय हलवून तिथं खताचं गोदाम करायचं घाटलं, तेव्हा नुसत्या पत्रकानं भागणार नव्हतं. महिला ग्रामसभेला बायकाच आल्या नसत्या, तर वाचनालय गेलंच होतं. आणि बायका ऐकायच्या फक्त आमच्या आत्यांचं. दोन शेतं ओलांडून ओळखू येईल असा त्यांचा जाड, खर्जातला आवाज.

रिक्षावर लावायची दवंडी आत्यांनी माझ्या मोबाईलमध्ये बोलून दिली आणि त्या वाशीला लग्नाला गेल्या. घरी ऐकते तर मागं गिरणीची घरघर, थेट त्यांच्या आवाजाच्या बुडाला चिकटलेली.

लॅपटॉपवर मी खालचे सूर कापणारे फिल्टर एकेक करून लावले. कापायची रेघ, म्हणजे जिच्या खालचे सूर जातात ती, तीच ठेवली, फक्त फिल्टर बदलत गेले, आणि नवलानं खुर्चीत बसवेना. रेघ एक, पण तिच्याजवळ प्रत्येकाची चाल निराळी! एक कड्यासारखा तुटलेला. त्यानं घरघर साफ गेली, पण रेघेलगतचा खर्ज शब्द संपल्यावरही घुमत राहिला. दुसरा रानातल्या उतारासारखा, रेघेच्या आधीपासूनच हळूहळू उतरणारा. त्यात आवाज जरा बारीक झाला, घरघर थोडी उरली, पण शब्द मोकळे.

माझं मत कड्याला. अर्धवट मला पटतच नाही.

रिक्षावाल्या काकांनी तो कर्ण्यावर लावला आणि कान खाजवला. "आत्या रांजणात बसून बोलायल्यात का? ह्या आवाजाला माझी आई बी दार उघडायची न्हाय."

मी उतार लावला.

"आता कसं. ह्या आत्या."

"पण मागं गिरणी ऐकू येतेय, काका."

"गावात गिरणी हाये. कुणाला नवल वाटायलंय?"

मी हट्ट सोडला. रिक्षा निघाली, मी मागच्या सीटवर. नळाजवळ एक बाई घागर तशीच टाकून धावत आली आणि रिक्षात डोकावली.

"आत्या, तुम्ही वाशीला गेला म्हणले की. कुठं दडून बसलाव?"

आत फक्त मी आणि लॅपटॉप. ती हसत सुटली. "येते बाई उद्या. न्हाय आले तर आत्या घरी येऊन बोलतील."

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत सतरंज्या पुरल्या नाहीत. वाचनालय जागेवरच ठेवायचं ठरलं. वाशीहून परतलेल्या आत्यांनी मात्र, आत जागाच न उरल्यानं, पार मागं, दाराबाहेर उभं राहून मतासाठी हात वर केला.