दोन मिनिटं गप्प बसायचा प्रस्ताव

मला स्वस्थ बसता येत नाही. पेपर तपासताना दर चार पेपरांनी उठून मी व्हरांड्यात एक फेरी मारते, पुन्हा बसते, पुन्हा उठते. अशा बाईनं सूक्ष्मजीवशास्त्राच्या परिषदेत दोन मिनिटं गप्प बसायचं सत्र सुचवावं, ही गंमत माझ्या नवऱ्याला महिनाभर पुरली. "तू? दोन मिनिटं?" तो म्हणायचा. "आधी घरी करून दाखव, मी चहा ठेवतो."

परिषद त्या वर्षी आमच्याच कॉलेजात होती. आमच्या परिषदांचं एक ठरलेलं असतं. पाहुण्यांचं भाषण होतं, मग सूत्रसंचालक विचारतो, "काही प्रश्न?" आणि कोणी उठत नाही. ही नामुष्की टळावी म्हणून आदल्या दिवशी चार-पाच प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून एम.एस्सी.च्या मुलांना वाटून ठेवायचे. तेही पाहुण्यांना उत्तर येईल असेच. या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं मीच लिहीत आले, अक्षर बरं म्हणून. मागच्या परिषदेत एक मुलगी उठली आणि खणखणीत आवाजात तिनं वाचलं, "प्रश्न क्रमांक तीन." सगळं सभागृह हसलं, पाहुणेही हसले. मी मात्र संतापले होते, आणि तो संताप त्या मुलीवर नव्हता.

त्यामुळे संवादात्मक सत्रांसाठी प्रस्ताव मागवणारं पत्रक आलं तसा मी त्याच दुपारी फॉर्म भरायला घेतला. तीनदा लिहिला, तीनदा फाडला. चौथ्यांदा जे उरलं ते असं: चाळीस मिनिटं. भाषण नाही, स्लाइड नाहीत. फळ्यावर एकच प्रश्न, "यंदा प्रयोगशाळेत काय बिघडलं?" त्यानंतर सत्र चालवणाऱ्यानं घड्याळ लावून दोन मिनिटं पूर्ण गप्प बसायचं. कोणाचं नाव घेऊन उठवायचं नाही. चिठ्ठ्या नाहीत.

समितीच्या बैठकीत विभागप्रमुखांनी तो कागद चष्मा वर करून वाचला. "मॅडम, दोन मिनिटं स्तब्धता म्हणजे कोणाला श्रद्धांजली आहे का?" सगळे हसले. शहागंजात वाढलेले आमचे एक सहकारी, एरवी माझ्या बाजूचे, तेही म्हणाले, "दो मिनट में तो लोगां चाय को निकल जाते, मॅडम." मी भडकले. म्हटलं, आपण वर्गात प्रश्न विचारतो आणि तीन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो, आणि वर मुलं बोलत नाहीत म्हणून बोंब मारतो. समोरच्याला मनात वाक्य जुळवायला वेळ लागतो, तेवढा तरी द्या. बराच वाद झाला. शेवटी माझी कटकट नको म्हणून सत्र मंजूर झालं.

कार्यक्रमपत्रिका बाहेर पडल्यावर चार दिवसांनी मला एक फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी, देवगाव रंगारीची. आता कन्नड तालुक्यातल्या एका कॉलेजात शिकवते.

"मॅडम, तुमच्या सत्रात खरंच काहीबी विचारलं तर चालतं का?"

"चालतं म्हणजे? त्याचसाठी आहे ते."

मग तिनं सांगितलं. त्यांच्याकडं लाईट लई जाते. जंतू वाढवायची पेटी थंड पडते, मुलींच्या प्लेटांवर काही उगवत नाही. पण प्रयोगांची वही, जर्नल, तर पूर्ण करावं लागतं. मग ती पुस्तकातला निकाल फळ्यावर लिहून देते आणि मुली तो स्वतःचा म्हणून उतरवतात. "मला रात्रंदिवस टोचतंय मॅडम. प्रयोग फसला तर जर्नलमध्ये काय लिहायचं, एवढंच विचारायचंय."

"अगं, सगळीकडे तेच चालतं," मी म्हणाले.

"तेच तर. पण बोलत कुणीच नाय."

मी तिला म्हटलं, हाच प्रश्न विचार, सगळ्यांसमोर विचार, मी आहे. फोन ठेवल्यावर मला इतका आनंद झाला की मी व्हरांड्यात दोन फेऱ्या जास्त मारल्या. अख्खं सत्र या एका प्रश्नासाठी मांडलंय असं मला वाटायला लागलं. ती बोलली तर निम्मं सभागृह बोलणार होतं, कारण निम्म्या सभागृहानं तेच केलेलं होतं.

पण परिषद जवळ आली तशी माझी झोप उडाली. ती आलीच नाही तर? आली आणि घाबरली तर? आदल्या दिवशी विभागप्रमुख म्हणाले, "बाहेरून मोठे लोक येतायत. एक तरी चिठ्ठी ठेवा." मी ताडकन नाही म्हणाले. आणि तासाभरानं, कोणी हात पिरगळलेला नसताना, एक प्रश्न लिहून त्या शहागंजच्या सरांच्या हाती दिला. "अगदीच कोणी उठलं नाही तर. मी तुमच्याकडे बघेन," म्हटलं. चिठ्ठी त्यांनी खिशात टाकली.

सत्र साडेअकराला सुरू झालं. ती आली होती, पाचव्या रांगेत कडेला, मांडीवर पर्स. मी फळ्यावर प्रश्न लिहिला, घड्याळ लावलं आणि गप्प बसले.

पहिली वीस सेकंदं लोक हसऱ्या चेहऱ्यानं इकडेतिकडे बघत होते. मग हसू गेलं. कोणी खोकलं. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी मोबाईल काढला. विभागप्रमुखांच्या कपाळावर आठ्या चढल्या. मला एवढ्या लोकांसमोर आपण मूर्ख ठरतोय याखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं. एक मिनिट झालं. पाचव्या रांगेत तिनं पर्स खाली ठेवली आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकवला. ते मला दिसलं. दिसलं, आणि तरी मी शहागंजच्या सरांकडे बघितलं.

ते उठले. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंविषयी त्यांनी छान घोटलेला प्रश्न विचारला. पाहुण्यांनी माईक मागवून घेतला आणि वीस मिनिटं उत्तर दिलं. त्यावर आणखी दोघांनी आपापल्या संशोधनाची माहिती प्रश्नासारखी सांगितली. वेळ संपली, टाळ्या झाल्या. विभागप्रमुख मला म्हणाले, "वा, चर्चा रंगली की हो!"

जेवणाच्या मांडवात हात धुवायच्या नळापाशी ती भेटली.

"मी उठतच होते, मॅडम."

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी घाईघाईनं म्हणाले, "समारोपात मी विचारते की. तुझं नाव नाही घेणार."

"तुम्ही विचारून काय व्हतंय? मी विचारलं असतं तर आमच्यासारखे चार जण उठले असते, आमच्याकडं बी असंच म्हणून. आता परत मी एकलीच." तिनं रुमालानं हात पुसले. "जाऊ द्या. तुम्हीच सांगा. सोमवारी पोरींच्या प्लेटांवर काहीच आलं नाय, तर काय लिहायला लावू?"

आणि ती माझ्याकडे बघत थांबली. लोक ताटं घेऊन आमच्या बाजूनं जात होते.

उत्तर मला ठाऊक होतं. काही उगवलं नाही तर 'काही उगवलं नाही' असं लिहायचं. पण असं लिहिलेली जर्नलं माझ्यासमोर परीक्षेला आली आहेत, आणि त्या मुलांचे मार्क मी कापले आहेत. तिचेही एकदा कापले होते. ते तिला आठवत होतं की नाही, मला कळेना.

"आधी जेवून घे," मी म्हणाले. "भात गार होईल."

"व्हय मॅडम," ती म्हणाली, आणि ताट घेऊन रांगेत जाऊन उभी राहिली.