वाघजाईचं एरंडेल

खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत वाघजाईपुढे मी कधी फटफटी बंद केली नव्हती. औंढे गावाच्या पुढे खिंड लागते, तिच्या माथ्यावर देवीचं ठाणं आहे. चार दगडांचा आडोसा आणि आत शेंदूर फासलेली शिळा, एवढंच. जाणारायेणारा तिथे थांबतो, हिरवी डहाळी वाहतो, नवरात्रात दिव्यात पळीभर तेल घालतो आणि मग खिंड उतरतो. गाडीवानसुद्धा बैल उभे करून खाली उतरतात. मी मात्र भरारा निघून जायचो. कोणी विचारलंच तर सांगायचो, "चढावर इंजिन बंद केलं की पुन्हा सुरू व्हायला रुसतं." ते खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळंच होतं. मला थांबायचंच नसायचं.

लोणावळ्यात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. ही दुसऱ्या महायुद्धाच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. डॉक्टरांनी एक विलायती फटफटी घेतली होती, पण वयामुळे त्यांना ती झेपेना, म्हणून पवनेच्या खोऱ्यातल्या गावांना औषधं पोचवायचं आणि सुया द्यायचं काम माझ्याकडे आलं. रस्ते म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या, त्यातही पावसाळ्यानंतर नुसते दगड. आठवड्याला दोन पंक्चरं ठरलेली. पण त्या यंत्राचा स्क्रू न् स्क्रू मला पाठ होता. कुठेही बंद पडो, पाना काढला की अर्ध्या तासात फटफटी पुन्हा बोलायला लागायची. औषधानं माणूस बरा होतो आणि पान्यानं यंत्र, यात देवाला कुठे बसवायचं ते मला समजत नव्हतं. आईपुढे मी हे मोठ्या तोऱ्यात बोलून दाखवायचो. ती बिचारी ऐकून घ्यायची.

त्या वर्षी घटस्थापनेलाच मला खोऱ्यात जायचं होतं. आई म्हणाली, "वाघजाईच्या दिव्याला तेल घेऊन जा." घरात गोडं तेल बेताचंच होतं. मी डॉक्टरांना विचारून दवाखान्याच्या बरणीतलं एरंडेल एका मोठ्या बाटलीत भरलं आणि आईला दाखवून म्हणालो, "हे बघ, देवीला जुलाबाचं औषध नेतोय." आईचा चेहरा उतरला. "एरंडेल चालतं दिव्याला," एवढंच बोलून ती आत गेली. आज हे लिहितानाही मला त्या बोलण्याची लाज वाटते.

खिंडीच्या माथ्यावर पोचलो तेव्हा डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी देवीपाशी उभी होती. मी इंजिन चालूच ठेवलं, एक पाय टेकवला, बाटली तिच्या हातात कोंबली आणि ओरडलो, "मावशी, देवीला घाला!" ती काहीतरी म्हणाली, पण इंजिनाच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही. मी तोवर उताराला लागलो होतो.

पुढे पाच दिवसांनी दुपारी दवाखान्यात एक माणूस धापा टाकत आला. तो माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरच्या गावचा. तिची पाच वर्षांची सोनी घसा दुखतो म्हणून दोन दिवस पडून होती आणि आता तिला श्वास घेता येईना. "घशात पांढरं पांढरं सालीवानी आलंया," तो म्हणाला. ऐकताच मी रोग ओळखला. घटसर्प. त्या रोगात पोरं गुदमरून जाताना मी पाहिली होती. बहिणीचा नवरा मुंबईला गिरणीत होता, म्हणजे घरात ती एकटीच.

डॉक्टर स्वतः हिवतापानं अंथरुणावर होते. त्यांनी पडल्या पडल्या कपाटाची किल्ली दिली. घटसर्पाचं विष उतरवणारी लस पुण्याहून आणून ठेवलेली होती, तिच्या दोन कुप्या. "संध्याकाळच्या आत सुई पडली पाहिजे," ते म्हणाले. "उद्या देऊन उपयोग नाही. आणि हात थरथरू देऊ नकोस, भाची आहे हे विसर." मी कुप्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, कापूस घालून डब्यात बसवल्या, डबा पोटाशी बांधला आणि निघालो.

औंढ्यापाशी बाभळीचा काटा घुसून मागचं चाक बसलं. रागानं शिव्या हासडत मी ट्यूब काढली, ठिगळ लावलं, हवा भरली. हातानं सगळं नेहमीसारखं झालं तसा जीव थोडा भांड्यात पडला. म्हटलं, काढलं संकट. आणि तिथेच माझी चूक झाली. वेळ भरून काढायला मी चढावर फटफटी नको तितकी पिटाळली. खिंडीचा माथा हाकेच्या अंतरावर राहिला असताना पुढचं चाक एका सुट्या धोंड्यावर चढलं, यंत्राचं पोट दगडावर आपटलं आणि फटफटी माझ्या डाव्या पायावर आडवी झाली.

मी आधी डबा उघडला. कुप्या शाबूत होत्या. मग पाय ओढून काढला. घोटा बघता बघता सुजायला लागला. फटफटी उभी केली तर खाली दगडांवर काळं तेल पसरलेलं. वंगणाच्या टाकीतून इंजिनाला तेल नेणारी तांब्याची नळी सांध्यापाशी तुटली होती आणि टाकी रिकामी झाली होती. नळीचं मला काही वाटलं नाही. माझ्या पिशवीत दवाखान्याची रबरी नळी होती, जखमा शिवायचा दोरा होता. तुटक्या तोंडांवर रबराचा तुकडा चढवून दोऱ्यानं करकचून बांधला. सांधा पक्का झाला. पण तेलाचं काय? तेलाशिवाय इंजिन मैलभरही जाणार नाही, आतल्या आत भाजून जाम होणार. बहिणीचं गाव तिथून आठ मैल. धडधाकट असतो तर धावत गेलो असतो. त्या पायानं मध्यरात्र झाली असती.

तरी मी हार मानली नाही. विचार केला, माथ्यावर पोचलो तर पलीकडचा उतार इंजिनाशिवाय उतरता येईल, तेवढंच अंतर कमी. मग मी फटफटी ढकलायला लागलो. चार पावलं, चाकाखाली दगड, श्वास, पुन्हा चार पावलं. घोट्यातून कळ थेट मस्तकात जायची. कसा वर आलो मला ठाऊक नाही. वर आल्यावर मात्र देवीसमोर मटकन बसलो. हात जोडले म्हणाल तर नाही जोडले. मी भांडलो. मोठ्यानं म्हणालो, "मी हातात होतं तेवढं सगळं केलं. आता माझ्यापाशी काही नाही. तुला काय करायचं ते कर!"

"कुनावर वरडतोयस रं बाबा?" मागून आवाज आला. तीच म्हातारी, हातात पाण्याची कळशी घेऊन उभी होती. तिनं मला निरखून पाहिलं. "तूच न्हवं त्यो? त्या दिशी बाटली फेकल्यावानी दिऊन पळालास. उतरला सुदिक न्हाईस. आता बरा बसलायस."

मी तिला भडाभडा सगळं सांगितलं. सोनीचं, लशीचं, तेलाचं. ती नवरात्रभर तिथेच राहून देवीचा अखंड दिवा सांभाळत होती. घटस्थापनेला लावलेला तो दिवा दसऱ्यापर्यंत विझू द्यायचा नाही, आणि विझला तर खोऱ्यावर काही अरिष्ट येतं अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. तिनं कळशी खाली ठेवली, आडोशात वाकली आणि आतून एक बाटली काढून माझ्यापुढे धरली.

बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी होती. त्या काळी कंपाउंडर कात्रीनं दाते कापून अशा पट्ट्या बाटलीला चिकटवत. मी माझ्या पट्टीचं खालचं टोक नेहमी तिरकं कापायचो. हिचंही टोक तिरकं होतं. मीच भरून आणलेली ती बाटली, अजून बुचापर्यंत भरलेली.

"गावाचं त्याल आदी वापरलं," म्हातारी म्हणाली. "ही म्हनलं शेवटच्या दिसांना ऱ्हाऊ दे. त्वा कोंबलीस तवाच म्हनलं, ह्येचं काय तरी येगळं हाय. ह्ये चालंल का तुज्या फटफटीला?"

चालेल का! शर्यतीत फटफट्या पळवणारे इंजिनात एरंडेलच घालतात, हे लोणावळ्याच्या रेल्वेतल्या एका फिटरनं मला कधीतरी सांगितलं होतं. गोडं तेल असतं तर इंजिनात जळून राख झालं असतं. त्याच एरंडेलावरून मी आईची थट्टा केली होती.

"पण मावशी, दिवा?" मी विचारलं. "मला सगळीच बाटली लागेल."

तिनं समईशेजारच्या मातीच्या भांड्यात डोकावून पाहिलं. "ह्यात हाय त्यावर पहाटपत्तुर जाईल. तवर तू त्याल घिऊन ये."

"उजाडायच्या आत येतो," मी म्हणालो. "देवीशपथ येतो." देवीची शपथ मी जन्मात पहिल्यांदा घेतली.

एरंडेल टाकीत ओतलं आणि उजव्या पायानं किक मारली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा फटफटी बोलली. खिंड उतरून नदीकाठानं जाताना मागे जळक्या एरंडेलाचा वास सुटला होता. गावात शिरलो तर बाया पदर नाकाला लावून दारात आल्या. सूर्य नुकताच डोंगराआड जात होता.

सोनीचा गळा सुजला होता, ओठ निळसर पडले होते आणि प्रत्येक श्वासाला घशातून करवतीसारखा आवाज येत होता. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं मात्र, "दादा," एवढंच तिच्या तोंडून निघालं. मी हात धुतले, सुई उकळली आणि लस दिली. हात थरथरला नाही. मग मांडीवर उशी घेऊन, डोकं उंच ठेवून तिला धरून बसलो. आता वाट बघण्यावाचून काही काम नव्हतं, आणि वाट बघणं हे मला कधीच जमलेलं नव्हतं.

खिंडीतल्या दिव्याची आठवण मला सारखी येत होती. शपथ पाळायची तर अंधारातच निघायला हवं होतं. मी एकदा उठलोही. तेवढ्यात सोनीचा श्वास अडकला आणि बहिणीनं माझा हात घट्ट धरला. मी खाली बसलो. मनात म्हणालो, आई वाघजाई, मी खोटा पडतोय. तुझा दिवा तूच बघ, मी हिला सोडून येऊ शकत नाही. हे मी रागानं म्हणालो नाही. माझ्या हातातली दोन्ही कामं मी त्या घडीला तिच्या ओटीत टाकली. त्यानंतर मनाची तगमग थांबली, हे मात्र मला स्पष्ट आठवतं.

पहिलं कोंबडं आरवलं तेव्हा सोनीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. दोन दिवसांत तिच्या घशाखाली थेंब उतरला नव्हता. तीन घोट प्यायली. घशातला करवतीचा आवाज बसला होता. बहीण मला धरून ढसाढसा रडली आणि मीही रडलो.

उन्हं वर यायच्या सुमारास, बहिणीनं दिलेलं तेल घेऊन मी खिंडीत पोचलो. या खेपेला इंजिन बंद केलं. लंगडत देवीपाशी गेलो. समई काळी पडली होती. म्हातारी शेजारी गुडघ्याला मिठी मारून बसली होती.

"मावशी, मी उशीर केला," मी म्हणालो. मान वर करायचा मला धीर होईना.

"दिवा ग्येला बाबा," ती म्हणाली. "वात बारीक केली, भांडं पुसून घातलं, तरी ग्येला. पयलं कोंबडं आरडलं खालच्या वाडीत, आन् ग्येला. लय भ्याले मी. पोर कशी हाय?"

"पाणी प्यायली."

"कवा?"

मी सांगितलं. मग तिनं पदरानं समई पुसली, नवी वात वळली आणि म्हणाली, "त्याल तुज्या हातानं घाल."

"गावाला काय सांगाल?"

"सांगीन इजला म्हनून. बोलत्याल चार दिस. बोलू देत." तिनं काडी ओढली. "जिचा दिवा तिनं कुटं लावायचा, ह्ये आपन कोन सांगनार?"

मी तेल घातलं. मग शिळेपुढे डोकं टेकलं आणि किती वेळ तसाच राहिलो कोण जाणे. सोनीनं पाणी मागणं आणि त्याच घडीला दिवा जाणं यांचा काय संबंध, हे मला कोणी विचारू नये. मला ठाऊक नाही. लशीनं सोनी वाचली हे मी कंपाउंडर म्हणून आजही सांगेन. पण लस त्या खिंडीतून पलीकडे कशी गेली, हे सांगायची वेळ आली की माझी मान आपोआप खाली जाते. हातात आहे तेवढं सगळं करावं आणि पुढचं तिच्यावर सोडावं, हे मी त्या दिवशी शिकलो, आणि तेही पाय मुरगळून घेतल्यावर. घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. मी केलेल्या थट्टेबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाली, "पाय शेकून घे आधी."

सोनी आता दोन मुलांची आई आहे. दर नवरात्रात ती मला एरंडेलाची बाटली भरून देते आणि मी त्या बाटलीवर खुणांची पट्टी चिकटवतो, टोक तिरकं कापून. खिंडीच्या माथ्यावर, ऐन चढावर, मी इंजिन बंद करतो. आजवर ते दर वेळी पुन्हा सुरू झालं आहे. एखाद्या वर्षी नाही झालं, तर तिथून चालत जाईन.