लागोपाठ तेच नाव नको!

मी गेम खेळत नाही, गेम बनवतो, हे वाक्य मी दिवेआगरात निदान चारशे वेळा उच्चारलं असेल आणि आजवर ते एकाच माणसाला पटलं आहे.

मी पुण्यातल्या एका लहानशा कंपनीसाठी घरी बसून मोबाईलवरचे गेम लिहितो. घर वाडीत. म्हणजे आप्पा सुपारीच्या झाडांना पाणी लावत असतात, मालतीआत्या नारळ सोलत असते आणि मी, तीस वर्षांचा घोडा, ओटीवर बसून स्क्रीनवरच्या उड्या मारणाऱ्या माकडाकडे टक लावून बघत असतो. (माकड नीट उडी मारतंय की नाही हे बघणं, हेच माझं काम! पण कुंपणापलीकडून ते कसं दिसतं, तुम्हीच विचार करा.) त्यामुळे सायलीचे वडील तिला घेऊन आमच्या लग्नाचं बोलायला पालीहून आले, तेव्हा त्यांच्या कानावर आधीच पोचलं होतं, "मुलगा गुणी हाय, पण दिवसभर गेम खेळतो."

सायली अलिबागला एका वकिलांकडे नोकरी करते. आमचं दोघांचं कधीच ठरलं होतं, अडलं होतं ते गुरुजींच्या होकारावर. गुरुजी म्हणजे तिचे वडील, गणिताचे निवृत्त शिक्षक. जेवणं झाली, ओल्या नारळाच्या करंज्या झाल्या, आणि सुपारी कातरता कातरता त्यांनी विषयाला हात घातला.

"तर निखिलराव, आपण नेमकं करता काय?"

"गेम बनवतो."

"म्हणजे खेळता?"

"नाही हो, बनवतो."

"बनवून झाल्यावर खेळता?"

सायलीने कपाळाला हात लावला. "मग दाखवतोच तुम्हाला!" असं मी म्हणालो. माझ्या घरात मोठं रामायण घडलं आहे, ते नेहमी याच वाक्यानंतर.

त्याच आठवड्यात मी गाण्यांच्या भेंड्यांसाठी एक चक्र तयार केलं होतं. त्यात सगळ्यांची नावं घालायची आणि बटण दाबायचं. चक्र फिरून ज्याच्या नावावर थांबेल त्याने गायचं. जो गाणार नाही तो बाद, त्याचं नाव पुसलं जाणार. शेवटी उरेल तो जिंकला. मी ऐटीत लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि सहा नावं घातली: आप्पा, आई, आत्या, सायली, गुरुजी आणि मी.

चक्र फिरलं. गुरुजी! त्यांनी घसा खाकरून एक अभंग म्हटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुन्हा चक्र फिरलं. गुरुजी! सगळे हसले. गुरुजीही हसले. त्यांनी शाळेतलं एक देशभक्तीचं गाणं म्हटलं, अगदी कवायतीसकट.

तिसऱ्यांदा फिरलं. गुरुजी! या वेळी कोणी हसलं नाही.

"गुरुजी, हा निव्वळ योगायोग आहे," मी घाईघाईने म्हणालो. "फाशाला मागचं दान कुठे आठवतं? तसंच हे."

"मला शिकवू नका. मी छत्तीस वर्षं गणित शिकवलंय," गुरुजी म्हणाले. "एकच नाव तीनदा येणं गणितात बसतं. पण पाहुण्याला लागोपाठ तीनदा गायला उभं करणं रीतीत बसत नाही!"

"बरोबर बोलले गुरुजी," आत्या म्हणाली. "आमच्याकडं पाव्हण्याला असं छळत न्हाईत."

"अरे, कर ना काहीतरी!" सायली दातओठ खात कुजबुजली.

मी तिथल्या तिथे प्रोग्राममध्ये दोन ओळी वाढवल्या. निवडलेलं नाव मागच्यासारखंच निघालं, तर ते टाकून पुन्हा निवडायचं. वेगळं नाव मिळेपर्यंत निवडत राहायचं. झालं! "आता तेच नाव लागोपाठ कधीच येणार नाही, माझी गॅरंटी!" मी जाहीर केलं.

मग खेळ मस्त रंगला. आप्पांचं नाव आलं. "मी न्हाय गात," म्हणून ते सुखाने बाद झाले. आई चहा टाकायला उठली म्हणून बाद. सायलीला हसूच आवरेना, तीही बाद. माझी पाळी आली. मी डोळे मिटून पहिला सूर लावला, तोच आत्या ओरडली, "बाद!"

उरले दोघं, आत्या आणि गुरुजी. आणि दोघंही इरेला पेटलेले!

आत्याने ओवी म्हटली. गुरुजींनी समरगीत म्हटलं. आत्याने पाळणा म्हटला. गुरुजींनी भर दुपारी भूपाळी म्हटली. मग ते एकदम थांबले आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघू लागले.

"आता मालतीताईंचं नाव येणार."

मी बटण दाबलं. आत्या!

"आता माझं."

गुरुजी!

मी लॅपटॉपवरच्या त्या दोन ओळींकडे बघितलं. दोनच नावं उरली आणि लागोपाठ तेच नको, म्हटल्यावर दुसरं काय होणार? आलटून पालटून तेच! नशिबाच्या खेळाचं मी पाळीपाळीने पाणी भरणं करून टाकलं होतं.

"याला नशीब म्हणता तुम्ही?" गुरुजींनी विचारलं. पण पाळी त्यांची होती आणि गाणी संपली होती. मग काय, त्यांनी चक्क चालीवर पावकीचा पाढा म्हणायला घेतला! पाव, अर्धा, पाऊण करत थेट शंभरापर्यंत! आत्याने शेवटी हात जोडले. "पुरे वो गुरुजी! मी हरले. काढ रे माझं नाव."

मी तिचं नाव काढलं. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण मला शेवट थाटात करायचा होता. "आता जिंकलेल्याचं नाव चक्र स्वतः सांगेल! शंख वाजेल!" असं म्हणून मी बटण दाबलं.

चक्र फिरायला लागलं. फिरलं. फिरतच राहिलं. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. चहा आला, चहा पिऊन झाला, कप विसळून झाले, तरी चक्र गरगरतंच आहे! मी सगळी बटणं बडवली. टीव्हीवर गुरुजींचं नाव भिंगरीसारखं फिरत होतं.

"काय हाय काय हे?" आप्पांनी विचारलं.

उत्तर गुरुजींनी दिलं. "मागचं नाव माझं होतं. आता त्याला माझ्याहून वेगळं नाव हवंय. पण चक्रात मी एकटाच! बिचारं जन्मभर शोधत बसेल." आप्पांनी उठून लॅपटॉपचं बटण दाबून धरलं, तेव्हा कुठे चक्र थांबलं.

मी मान खाली घातली. संपलं सगळं, असं वाटलं. सायलीकडे बघायची हिंमत होईना. तेवढ्यात गुरुजी हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"सायली, मला मुलगा पसंत आहे!"

"अहो बाबा, पण हे..."

"अगं, म्हणूनच! मला सांगितलं होतं, हा दिवसभर गेम खेळतो. खेळत असता, तर तेच नाव लागोपाठ येतं हे त्याला पहिल्याच दिवशी दिसलं असतं, आणि आज ही घाईची दुरुस्ती करावी लागली नसती. यानं स्वतःचा गेम एकदाही खेळून बघितलेला नाही!"

आत्याने साखर वाटली. मी आनंदाने गुरुजींच्या पाया पडलो, आणि लग्नाची तारीख काढायची म्हणून उत्साहात पुन्हा लॅपटॉप जवळ ओढला.

"पंचांग आहे ना घरात?" गुरुजींनी आप्पांना विचारलं. "ते आणा. आणि जावईबापूंना जरा वाडीत फिरवून आणा."