रुखमाची शोकसभा

छापखान्यात ओल्या शाईचा वास आला, की मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगसमोरची ती शोकसभा आठवते. तिथली कामगार रुखमा यंत्रात सापडून गेली होती. मी तेव्हा युनियनचा कार्यकर्ता; मालकाला हादरवील असं जळजळीत भाषण मी आदल्या रात्री छापखान्यात बसून लिहून नेलं होतं.

"भांडवलशाहीनं घेतलेला हा बळी..." मी सुरुवात केली. पुढ्यातच बसलेली तिची आई मान वर करून म्हणाली, "माह्या पोरीले बळी काऊन म्हनता, भाऊ? कामाले गेलती थे."

कागद मिटून एवढंच बोललो, "रुखमा कामाले गेली होती. संध्याकाळी घरी येनार होती."

घोषणा नाही, टाळी नाही. भाषण फसलं, असं वाटून मी मान खाली घालून उतरलो. आज त्या सभेतला एकच शब्द कानात उरलाय. मी थांबल्यावर तिची आई होकारार्थी मान हलवत हळूच म्हणाली होती, "हाव."