हललेला फोटो

झेंडूचा वास आला की अकोल्याचा तो फुलवाला शेजारी आठवतो. मी घराण्यातला पहिला बी.ए., त्यामुळे सगळ्यांना शिकवायची खोड. त्यानं हौसेनं काचेच्या प्लेटवर फोटो काढणारा जुना कॅमेरा घेतला आणि मळ्यात धावणाऱ्या लेकीचा पहिला फोटो मला दाखवला. चेहरा पुसट. मी म्हणालो, "हा हालला. काचेसकट फेका. पोरीले उभी करून काढा." महिन्याभरानं दुसरा फोटो आला, एकदम लख्ख. पोर फुलांवर निजलेली, डोळे मिटलेले. "तापानं गेली, भाऊ. पाहा, आता नाई हालली." मी घाबरून पहिला फोटो मागितला. "तुमीच त म्हटलं, फेका म्हून. फेकला." तो साधेपणानं म्हणाला. त्या पुसट चेहऱ्यावर हसू होतं का, हे आजही मला सांगता येत नाही. मी फक्त चूक पाहिली होती.