छत्तीस धावांचं उत्तर

घाटंजीच्या जिनिंगमध्ये डोमाजी मापारी होते तोवर त्यांच्या मापाला कुणी नाव ठेवलं नाही, एक बाबूसिंग सोडला तर. बाबूसिंग तांड्यावरचा. कापसाची गाडी घेऊन आला, डोमाजींनी कापूस मुठीत दाबून पाहिला आणि म्हणाले, "वल्ला हाय. वजनात घट धरा लागते." झालं, दोघांची जुंपली. गाडी रिकामी झाली तरी तोंडं थांबेनात. शेजारच्या टपरीवर रेडिओ लागलेला होता, कुठली तरी मॅच चालू होती, आणि भांडण कापसावरून क्रिकेटवर कधी घसरलं ते पुढे दोघांनाही कधी नीट सांगता आलं नाही. त्या संध्याकाळी बाबूसिंग डोमाजींच्या ओट्यावर चहा पीत बसलेला डोमाजींच्या बायकोनं, सत्यशीलाबाईंनी पाहिला. नंतरची चाळीसेक वर्षं तो तिथून उठलाच नाही म्हणा ना.

सचिन यायला तेव्हा अवकाश होता. पण तो आला आणि या दोघांना जन्माचं काम मिळालं. डोमाजी रेडिओवर वाढलेले, त्यांचा देव गावसकर. बाबूसिंगनं तांड्यातला पहिला टीव्ही आणलेला, त्याचा देव सचिन. डोमाजी पाहिलेल्यापेक्षा ऐकलेल्यावर जास्त विश्वास ठेवणारे.

"आताच्या रना म्हंजे वल्ला कापूस," ते म्हणायचे. "बॅटी जाड केल्या, बाउंडऱ्या जवळ आणल्या, डोक्यावर लोखंडी टोप. वजन तं भरनच. घट धर, मंग सांग मले."

यावर बाबूसिंग ठेवणीतला बाण काढायचा. "अन् साठ ओव्हरात छत्तीस? थेही नाबाद!"

पहिल्या वर्ल्ड कपात गावसकर साठच्या साठ ओव्हर खेळपट्टीवर राहिला आणि छत्तीस धावा करून परत आला, हे बाबूसिंगच्या दृष्टीनं जगातलं शेवटचं सत्य होतं. डोमाजी तेवढ्याच शांतपणे कापसाच्या वेचणीवर यायचे, "एका येचनीवरून वावराचं माप नसते करत, बाबू."

बाबूसिंग हसायचा, चहाचा दुसरा कप मागायचा आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून सुरू. सत्यशीलाबाई हे सगळं आतून, गॅसजवळून ऐकायच्या. स्क्वेअर कट कशाशी खातात ते त्यांना आजही ठाऊक नाही. पण कोण काय बोलल्यावर कोण काय बोलणार हे त्यांना पाठ होतं. कधीकधी वैताग यायचा. एकदा तर त्या बाहेर येऊन म्हणाल्या होत्या, "तुमच्यातला एक गेल्याबिगर हे संपत नाई वाटते!" तिघंही हसले होते.

मागच्या वर्षी, कापूस घरात येत होता तेव्हा, डोमाजी गेले. आणि खरंच संपलं.

बाबूसिंगनं खांदा दिला, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मागच्या रांगेत खाली मान घालून बसला, आणि त्यानंतर ओट्याची पायरी चढला नाही. तांड्यावरून बाजाराला जायचा रस्ता या घरावरूनच जातो. बाजाराच्या दिवशी तो पिशवी घेऊन जायचा, पण घर जवळ आलं की मान रस्त्याच्या त्या बाजूला. सुरुवातीला सत्यशीलाबाईंनी समजून घेतलं. एकटी बाई, लोक काय म्हणतील. पण ओटा साऱ्या वस्तीला दिसणारा, त्यांची साठी उलटलेली, बाबूसिंगच्या तोंडात चार दात. लोकांना म्हणायला एवढं कमी पडलं होतं का? त्या मनातून चिडल्या. मग चीडही ओसरली आणि नुसतं घर उरलं.

घर किती शांत असतं हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. त्यांनी टीव्हीवर मॅच लावून पाहिली, आवाज मोठा करून. टीव्हीतली माणसं खूप बोलत होती, पण त्यातलं कुणी यांच्याशी बोलत नव्हतं. संध्याकाळी दूध जास्त घेतलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी नासायचं. रविवारी पुण्याहून राजदीपचा फोन आला तेव्हा त्यांनी मुलाला विचारलं, "गावसकर मोठा का सचिन रे?"

"थांब, पाहतो," राजदीप म्हणाला, आणि घोटभर पाणी प्यायच्या आत उत्तर आलं. "सचिनची सरासरी अडीचनं जास्त आहे, आई. शतकंही जास्त. सचिन. अजून काय?"

अजून काही नव्हतं. मुलगा चांगला आहे, आईला पुण्याला बोलावतो, औषधं संपली का विचारतो. पण इतकी वर्षं पुरलेला प्रश्न त्यानं असा एका दमात संपवला. फोन ठेवून सत्यशीलाबाईंनी वर पाहिलं. भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी डोमाजींचा फोटो होता. त्याच्याकडे पाहून त्यांना रडू आलं, आणि रडताना ऐकणारं कुणी नाही म्हणून आणखी आलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या तुरीची डाळ निवडायला ओट्यावर येऊन बसल्या. लांबून बाबूसिंग येताना दिसला. हाक मारून उपयोग नव्हता. याआधी मारली तेव्हा "बरं हाय ना वहिनी?" एवढं बोलून तो चालता झाला होता. म्हणून या वेळी त्यांनी हाक मारलीच नाही. डाळीकडे पाहत, पण रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सचिनच्या साऱ्या रना वल्ल्या होत्या बाप्पा. घट धरली तं अर्ध्याही नाई भरत."

रस्त्यावरची पावलं थांबली.

सत्यशीलाबाईंनी मान वर केली नाही. आता हा उसळणार, छत्तीसचा बाण काढणार, मग आपण येचनीचं सांगायचं, एवढं सगळं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. बाबूसिंग आला. वर ओट्यावर नाही, खालच्या पायरीवर बसला. पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवली.

"खरं हाय वहिनी," तो म्हणाला. "गावसकरच मोठा. डोमाचंच बरोबर होतं."

हे एक वाक्य ऐकायला डोमाजींनी सारी हयात घालवली होती. ऐकलं असतं तर त्यांनी वस्तीभर पेढे वाटले असते. सत्यशीलाबाईंना मात्र ते नको होतं. बाबूसिंगनं हार मानली म्हणजे वाद मिटला. आता तो उठेल, पिशवी उचलेल, आणि पुन्हा या पायरीवर यायचं त्याला काही कारण राहणार नाही.

"आता काहून कबूल करून राह्यले?" त्या जवळजवळ ओरडल्याच. "ते होते तवा नाई केलं!"

बाबूसिंग पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला. "डोमा गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी छत्तीसचं काढलं. रोजच्यासारखंच. डोमा काईच बोलला नाई. नुसता छातीवरून हात फिरवून राह्यला. मले वाटलं, हारला. टाळी वाजवली मी वहिनी. तांड्यावर जाऊन साऱ्यायले सांगतलं, आज मापाऱ्याची बोलती बंद केली. अन् सकाळी तुमचा फोन आला." त्यानं बोटावरचा बंद सोडला. "जात्या मानसावर हासलो मी. कोणत्या तोंडानं इथं येऊ?"

तुमची काय चूक, असं म्हणता आलं असतं. पण हे वाक्य सत्यशीलाबाईंनी स्वतः वर्षभर शंभर जणांकडून ऐकलं होतं, दवाखान्यात लवकर का नेलं नाही या स्वतःच्याच प्रश्नावर. त्यानं रात्रीची झोप येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं.

"मले तं सचिनच मोठा वाटते," त्या म्हणाल्या.

बाबूसिंगनं मान वर केली. "काय?"

"व्हय. मघाशी उगाच म्हनलं. अन् तुमचा गावसकर साठ ओव्हर खेळला, छत्तीस रना काढल्या. त्याचं काय उत्तर हाय तुमच्यापाशी?"

"मापाऱ्याच्या ओट्यावर बसून असं बोलता, वहिनी?"

"मंग द्या ना उत्तर. त्यायचं राह्यलं होतं, तुम्ही द्या."

असं म्हणून त्या उठल्या आणि आत गेल्या. गॅस पेटवला, चहाचं आधण ठेवलं, दाराकडे पाठ करून नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. बाहेर काहीच आवाज नव्हता. पाण्याला उकळी आली. गेला वाटतं, असं मनात आलं, तरी त्यांनी साखर दोन कपांची टाकली.

मग बाहेर कुणीतरी घसा खाकरला. सावकाश, एकेक शब्द मोजून टाकावा तसा आवाज आला, अगदी डोमाजींच्या चालीनं, "एका येचनीवरून वावराचं... माप नसते करत."

वाक्य मध्ये तुटलं होतं, पण पुरं झालं होतं. सत्यशीलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, गॅस बारीक केला.

"आयकू नाई आलं, बाबूभाऊ," त्या आतूनच म्हणाल्या. "पुन्हा सांगा."